सह्याद्री कोणत्या खणात?

शाळेच्या भूगोलात पर्वतांचे चार खण असतात: वली, गट, ज्वालामुखी आणि अवशिष्ट. हिमालय पहिल्या खणात बिनबोभाट बसतो. पण तोही तिथे सहजासहजी पोहोचला नाही. थंड होणारी पृथ्वी सुकलेल्या फळासारखी आक्रसते आणि तिच्या सुरकुत्या म्हणजे पर्वत, असं एकोणिसाव्या शतकात भलेभले मानत. जर्मन शास्त्रज्ञ वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंडं सरकतात असं मांडलं, तेव्हा त्यांची बरीच टिंगल झाली. १९६०च्या दशकात समुद्रतळाच्या अभ्यासाने पारडं फिरलं. भारताचा भूभाग सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि मधल्या समुद्राचा गाळ घड्या पडत वर आला. आपल्या देवघरातल्या शाळिग्रामावरचं चक्र हा अमोनाइट या समुद्री जीवाच्या शंखाचा ठसा आहे, आणि तो हिमालयातल्या गंडकीकाठी सापडतो.

सह्याद्रीचं तसं नाही. १८३०च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अधिकारी विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या थरांवर थर चढलेल्या काळ्या कातळाचं, म्हणजे बेसॉल्टचं, वर्णन इंग्लंडच्या भूशास्त्रज्ञांपुढे ठेवलं. हा कातळ लाव्हाचा हे पक्कं झालं, आणि सह्याद्री 'ज्वालामुखीचा डोंगर' म्हणून आपल्या डोक्यात बसला तो आजतागायत. माझ्या मते इथे दगडाचा जन्म आणि डोंगराचा जन्म यांची गल्लत होते. ज्वालामुखी पर्वताचे थर मुखापासून चहूकडे उतरत जातात. घाटमाथ्यावरचे थर जवळपास आडवे आहेत. घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांमध्ये तांबड्या मातीची पट्टी दिसते. एक लाव्हा थिजून त्याची माती व्हायला लागल्यावर दुसरा येऊन पसरला, याची ती खूण. असं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जे साचलं, ते पठार होतं. दुसरा पुरावा मला अधिक निर्णायक वाटतो. गोवा-बेळगावच्या आसपास बेसॉल्ट संपतो, पण डोंगररांग संपत नाही. जोगचा धबधबा कोसळतो तो कितीतरी जुन्या खडकावरून. पालघाटची खिंड सोडली, तर रांग तशीच केरळात उतरते. लाव्हानेच डोंगर घडवला असता, तर लाव्हा संपला तिथे डोंगरही थांबायला हवा होता.

मग हा गट पर्वत का नाही? पश्चिमेकडची जमीन भेगेवरून खचली आणि कडा उघडा पडला, हे मत जुनं आहे. ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपानंतर भेगांचा विषय साहजिकच पुन्हा तापला. पनवेलच्या बाजूला लाव्हाचे थर पश्चिमेकडे कललेलेही आहेत, तेव्हा किनारपट्टी वाकली, खचली हे नाकारता येत नाही. पण भेगेने पाडलेला कडा बऱ्यापैकी सरळ हवा. सह्याद्रीचा कडा दऱ्याखोऱ्यांनी कुरतडलेला, आत-बाहेर वळलेला आहे. माथेरान तर मुख्य रांगेपासून सुटून पश्चिमेला एकटंच उभं आहे, आणि त्याच्या माथ्यावर महाबळेश्वरसारखाच जांभा आहे. म्हणजे कडा एके काळी बराच पश्चिमेला होता आणि झिजत झिजत मागे आला. सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटला, तुटलेली कड उचलली गेली आणि समुद्र जवळ आल्याने पश्चिमेच्या ओढ्यांना तीव्र उतार मिळाला, असा आज सर्वसाधारण मेळ लावला जातो.

याला 'अवशिष्ट' म्हणून मोकळं व्हावं, तर तेही अर्धंच खरं. अवशिष्ट म्हटलं की जुन्या उंच पर्वताचा वरून झिजून उरलेला खुंट डोळ्यांपुढे येतो. इथे झीज समोरून आहे. म्हणून तर कोकणातून जी भिंत दिसते, ती देशावरून जेमतेम चढ वाटते, आणि गोदावरी अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगवूनही सुमारे १४६५ किलोमीटरची वाट तुडवत बंगालच्या उपसागराला जाते. महाबळेश्वरला एकाच माथ्यावरून कृष्णा पूर्वेला संथ निघते, तर सावित्री पश्चिमेला थेट दरीत उडी घेते. उतार जिचा तीव्र, तिची खणण्याची ताकद जास्त. सावित्री मागे मागे खणत येते आणि दोघींमधला पाणलोटाचा बांध कणाकणाने कृष्णेच्या अंगणात सरकतो.