कपाळावरचा लाल डाग आणि मेंदूची छायाचित्रे

काही बालके कपाळावर किंवा पापणीवर लालसर जांभळा डाग घेऊनच जन्माला येतात. 'ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले,' असे शेजारीपाजारी म्हणतात आणि दोष बिचाऱ्या बाळंतिणीच्या माथी येतो. हे साफ खोटे आहे, हे आम्ही आधीच सांगून टाकतो.

बालकांच्या अंगावरचे बरेचसे लाल डाग निरुपद्रवी असतात व काही आपोआप जातातही. परंतु कपाळावरचा सपाट, गडद, न विरणारा डाग कधी कधी 'स्टर्ज-वेबर' या विकाराची खूण असतो. साधारणतः वीस ते पन्नास हजार जन्मांमागे एका बालकाला हा विकार होतो. लंडनचे डॉ. स्टर्ज यांनी 1879 साली असा डाग व आकडी असलेल्या एका मुलीची हकीकत मांडली. चेहऱ्यावर आहे तसाच दोष मेंदूवरही असावा, हा त्यांचा तर्क होता. 1922 साली डॉ. वेबर यांनी क्ष-किरणांच्या छायाचित्रांत मेंदूतील बदल दाखविले. 2013 साली अमेरिकेतील संशोधकांना मूळ कारण सापडले. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीतील 'जीएनएक्यू' नावाच्या जनुकात आपोआप बदल होतो. तो आईकडूनही येत नाही, बापाकडूनही नाही.

मग मेंदूत होते काय? शेतकऱ्याला हे चटकन समजेल. ज्या शेतात पाणी येते पण निचरा होत नाही, तेथील पीक पिवळे पडते. मेंदूच्या आवरणातील सदोष रक्तवाहिन्यांमुळे अशुद्ध रक्ताचा निचरा नीट होत नाही. रक्त तुंबते, खालच्या भागाला प्राणवायू कमी पडतो, तो भाग आकसतो व तेथे चुना साचतो. यातूनच आकडी येते, बहुधा पहिल्या एकदोन वर्षांतच. कधी एका बाजूचे हातपाय लुळे पडतात.

साचलेला चुना सी.टी. स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतो. परंतु शिरेतून विशिष्ट औषध टोचून काढलेला एम.आर.आय. अधिक उपयोगी, कारण त्यात सदोष रक्तवाहिन्यांचे जाळेच उजळून दिसते. त्यात क्ष-किरण नसतात. यंत्राचा आवाज मोठा असतो व मूल निश्चल राहावे लागते, म्हणून त्याला बहुधा झोपेचे औषध देतात. त्याआधी किती वेळ उपाशी ठेवायचे, ते डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे काटेकोर पाळावे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. पहिल्या काही महिन्यांत काढलेले छायाचित्र निर्दोष दिसले, तरी विकार नाहीच असे ठरत नाही. तपासणी केव्हा करावी व पुन्हा करावी काय, हे मेंदूविकारतज्ज्ञाला विचारावे. आकडी आली असेल तर मात्र विलंब नको.

छायाचित्राने रोग बरा होत नाही; पण मेंदूचा किती भाग व कोणती बाजू बाधित आहे, हे कळते. त्यावरून आकडीची औषधे ठरतात. औषधांनी भागले नाही तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. डोळ्यातील दाब वाढून दृष्टी जाण्याचे भय असते, म्हणून नेत्रतज्ज्ञाची तपासणीही वेळोवेळी हवीच.

आकडी आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा कोंबू नका. मुलाला कुशीवर निजवा आणि किती वेळ झाला ते घड्याळात पाहा. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर तडक दवाखाना गाठा. चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका.

आणि सासूबाईंना आमचे एवढेच सांगणे : डाग पदराखाली झाकू नका आणि सुनेला बोल लावू नका. त्या बोलण्यात गेलेले दिवस बालकाच्या उपचाराचे असतात.