घोरपड, गड आणि आजीची रुक्मिणी



गोष्ट आमच्या होस्टेलच्या टीव्ही रूममधली. एका रविवारी २०२० सालचा ‘तान्हाजी’ हा हिंदी सिनेमा लागला होता. पिक्चर संपला आणि मेसची घंटा होईपर्यंत नुसता गोंधळ! मेकॅनिकलची एक मैत्रीण म्हणाली, "आम्हाला शाळेत सांगितलं होतं की घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढले. घोरपड माणसाचं वजन पेलेल का गं?" दुसरी म्हणाली, "आणि ती कमल नावाची राजपूत बाई खरंच होती का?" तिसरीने निकाल देऊन टाकला, "पिक्चरमध्ये दाखवली म्हणजे असेलच की!"

तेवढ्यात आमच्या वॉर्डन मॅडम दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कमलकुमारी होय? ती तर हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीत शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेली."

आता खरं सांगायचं तर हरिभाऊ आपटे कोण, हे मला माहीत नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे डिकन्स माहीत, आपटे नाहीत. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन पुस्तक काढलं आणि ओळीखाली बोट ठेवत ठेवत वाचलं. त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगावं म्हणून हा लेख. कारण दरवर्षी आपल्या मासिकाची नोटीस लागली की आपण सगळे एकच वाक्य बोलतो, "कथा लिहायची इच्छा आहे, पण सुचतच नाही!"

एक लेखक, दोन विहिरी

हरी नारायण आपटे यांचा जन्म १८६४ साली खानदेशात पारोळ्याला झाला. पुढचं बहुतेक आयुष्य पुण्यात गेलं आणि १९१९ साली ते वारले. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं. त्यात त्यांच्या कादंबऱ्या आठवड्या-आठवड्याने छापून येत. म्हणजे दर आठवड्याला सबमिशन! आपण सेमिस्टरला दोन फाइल्स देताना रडतो, हा माणूस वर्षानुवर्षे हेच करत होता. १९१२ साली अकोल्याला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, म्हणजे आपल्या विदर्भाशीही त्यांचा संबंध आहे.

गंमत अशी की त्यांच्या कादंबऱ्यांचे सरळ दोन गट पडतात. एक गट त्यांच्या काळातल्या घरांचा. त्याला त्यांनी नावच दिलं होतं, ‘आजकालच्या गोष्टी’. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही त्यातली सगळ्यात गाजलेली. दुसरा गट इतिहासाचा. ‘उषःकाल’ शिवकाळावर, ‘वज्राघात’ विजयनगरच्या शेवटावर आणि १९०३ ची ‘गड आला पण सिंह गेला’ तानाजीवर. एकच माणूस दोन विहिरींवरून पाणी भरत होता असं समजा. एक विहीर घराच्या अंगणातली, दुसरी जुन्या दंतकथांची.

मला आधी वाटलं, हे दोन वेगळे कप्पे असतील. वाचल्यावर कळलं की आतून पाझर एकच आहे.

अंगणातली विहीर

‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये यमुना नावाची बाई स्वतःची हकीकत स्वतः सांगते. लहानपण, भाऊ, लग्न, सासर, नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि केशवपन. यात राजा नाही, लढाई नाही. स्वयंपाकघर, माजघर, कुजबुज, टोमणे, एवढंच. तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

लेखक पुरुष, सांगणारी बाई. हे त्याला जमलं कसं? माझा अंदाज साधा आहे. घरातल्या बायका काय बोलतात आणि कुठे बोलायचं थांबतात, हे त्याने कान देऊन ऐकलं असणार. अशी यमुना तेव्हा कितीतरी घरांत होती. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण लक्षात कोण घेतो? शीर्षकच ते.

दंतकथेची विहीर

आता सिंहगडाकडे येऊ. १६६५ च्या पुरंदरच्या तहात कोंढाणा मोगलांकडे गेला. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी तो रात्री चढून घेतला आणि त्यात ते पडले. मोगलांचा किल्लेदार उदयभान राठोडही मारला गेला. हा झाला इतिहासाचा सांगाडा.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास बखर लिहिली, त्यात ही हकीकत थोडक्यात आहे. मावळे वानरासारखे कडा चढले असं तो सांगतो. घोरपड त्याच्याकडे नाही, कमलकुमारी तर नाहीच. घोरपड आणि रायबाचं लग्न आपल्याला भेटतात ते तुलसीदास शाहिराच्या पोवाड्यात. पुढे आपट्यांनी कादंबरी लिहिली, त्यात कमलकुमारी आली. त्या कादंबरीवर बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये मूकपट काढला, १९३३ मध्ये प्रभातने बोलपट काढला. आणि ती गोष्ट अशी वाहत वाहत आमच्या टीव्ही रूमपर्यंत आली.

म्हणजे प्रत्येक सांगणाऱ्याने सांगाड्यात काहीतरी भरलं. पण भरलं काय, ते नीट बघा. तानाजी म्हटलं की आपल्याला सगळ्यात आधी काय आठवतं? किती सैनिक होते, किती तोफा होत्या, हे कोणालाच आठवत नाही. आठवतं ते मुलाचं लग्न! बाप लग्नाचं आमंत्रण द्यायला राजाकडे जातो आणि लग्न बाजूला ठेवून लढाईवर निघतो. आपल्यापैकी प्रत्येकाने घरातलं लग्न पाहिलंय. बाप अक्षता घेऊन दारोदार कसा फिरतो, पत्रिकेच्या यादीवरून घरात कशी भांडणं होतात, हे माहीत आहे. म्हणून ते लग्न सोडून जाणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. शाहिराने ऐतिहासिक शौर्याच्या आत एक घरगुती गोष्ट ठेवली आणि पोवाडा चिरंजीव झाला.

आता उत्तर मेकॅनिकलच्या मैत्रिणीला. साठ किलोचा मावळा म्हणजे जवळपास ६०० न्यूटनचा भार. चढताना झटके बसतील ते वेगळे, दोराचं वजन वेगळं. घोरपड स्वतः जेमतेम काही किलोची. तिची पकड कितीही घट्ट असली तरी हिशोब बसायला कठीण आहे. पण पोवाडा ऐकणाऱ्यांत शेतकरी असणार, रानात फिरणारी माणसं असणार. घोरपड एकदा बिळात नखं रुतवून बसली की ओढून निघत नाही, हे अशा माणसांना अनुभवाने ठाऊक असतं. तेव्हा ही घोरपडसुद्धा रोजच्या जगण्यातूनच कड्यावर चढली म्हणायची!

कारंज्याची बाजू

तुम्ही म्हणाल, हे पुण्याचं झालं, आपल्याकडे काय? मी कारंज्याची. (लाडाचं कारंजा नव्हे, ते वाशीम जिल्ह्यात. आमचं वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे, नागपूर-अमरावती हायवेवरचं. हे दर नव्या माणसाला सांगावं लागतं.) गावात संत्र्याचे बगीचे, ट्रकची वर्दळ, आणि रात्री शेतात रानडुकरांसाठी जागलीला जाणारी माणसं. मला कायम वाटायचं, इथे लिहिण्यासारखं काय आहे?

आमच्याकडून तळेगावच्या पुढे गेलं की वर्धा नदी लागते आणि नदीच्या काठाला, अमरावती जिल्ह्यात, कौंडिण्यपूर आहे. विदर्भाचा राजा भीष्मक याची ही राजधानी आणि रुक्मिणीचं माहेर, अशी आख्यायिका. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. भाऊ रुक्मीने तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं. तिने ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप पाठवला आणि कृष्ण तिला घेऊन गेला. भागवताच्या दशम स्कंधात ही कथा आहे. तेराव्या शतकात महानुभाव कवी नरेंद्राने ती मराठीत आणली, १५७१ मध्ये एकनाथांनी ‘रुक्मिणी स्वयंवर’ रचलं. एकनाथांच्या ग्रंथात लग्नाचे सगळे विधी अगदी मराठी घरातल्यासारखे येतात. चांगला नवरा मिळावा म्हणून मुलींनी त्याचं पारायण करायची पद्धत अजूनही कित्येक घरांत आहे.

माझी आजी ही गोष्ट सांगायची. ती शाळेत गेलेली नाही. तिची रुक्मिणी म्हणजे "आपल्या इकडचीच पोट्टी". राजवाड्याचं वर्णन ती एका वाक्यात उरकायची. कृष्णाचा रथ, लढाई, सगळं झटपट. पण निरोपाची जागा आली की ती थांबायची. तिच्या गोष्टीत निरोप तोंडी नसायचा, चिठ्ठी असायची. "पोट्टीनं सोताच्या हातानं चिठ्ठी लिवली ना बाप्पा! सोताच्या हातानं!" मग कागद कुठून आणला, दिव्याखाली कशी लिहिली, भावाच्या पायांचा आवाज आला तेव्हा पदरात कशी लपवली, हे सगळं. यातलं कोणत्याच ग्रंथात शोधू नका, ते आजीचं आहे.

लहानपणी मला वाटायचं, ती उगाच लांबवते. मागच्या वर्षी सुट्टीत मी तिला सहज विचारलं, "आजी, तुझं लग्न कसं ठरलं?" ती म्हणाली, "भावानं ठरोलं. मले कोन इचारते?" आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. चौदा वर्षांची होती ती तेव्हा. लिहिता येत नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्वतःची तक्रार तिने आयुष्यात कोणाकडे केली नाही. पण रुक्मिणीच्या हातात चिठ्ठी देऊन ती इतकी वर्षं तेच सांगत होती. दंतकथेने तिला सांगाडा दिला आणि भार तिने स्वतःचा टाकला. आपट्यांच्या यमुनेने जे उघड सांगितलं, ते आजीने देवाची गोष्ट म्हणून सांगितलं.

माझ्या मते कल्पनाशक्ती म्हणजे हेच. आकाशातून काही पडत नाही. दंतकथा घटना देते, पण "तिला काय वाटलं असेल?" याचं उत्तर देत नाही. ती रिकामी जागा भरायला सामान लागतं आणि ते आपल्या घरातून, गावातून, मेसच्या टेबलावरूनच आणावं लागतं.

पण एक काळजी घ्या

इथे एक धोका आहे. गोष्ट चांगली जमली की लोक तिला इतिहास समजतात. कमलकुमारी खरीच होती असं आमच्या टीव्ही रूमला वाटलं. गडाचं नाव तानाजींच्या मृत्यूनंतर सिंहगड पडलं असं आपण सगळे समजतो, पण हे नाव १६७० च्या आधीच्या कागदपत्रांतही सापडतं. कौंडिण्यपूरला १९६० च्या दशकात उत्खनन झालं आणि सातवाहन काळातल्या वस्तीचे अवशेष मिळाले. त्यावरून वस्ती जुनी आहे हे कळतं, तिथे रुक्मिणी राहत होती हे सिद्ध होत नाही.

यात गोष्टीचा काही दोष नाही. आपट्यांनी कादंबरीला कादंबरीच म्हटलं होतं, घोळ आपण घातला. इतिहासाची आवड असेल तर बखर, पत्रं, ताम्रपट यांच्याकडे जावं. माणसाच्या मनाची आवड असेल तर गोष्टीकडे यावं. दोन्ही वाचावं, फक्त लेबल बदलू नये. नाहीतर उद्या कादंबरीतल्या पात्रावरून आपण एकमेकांची डोकी फोडू.

तेव्हा, सुचत नाही म्हणणाऱ्यांनो!

थोडक्यात काय, तर आपल्या होस्टेलमध्ये चाळीस गावांची मुलंमुली आहेत. प्रत्येक गावाला एखादा पडका किल्ला, एखादी सतीची शिळा, गोंड राजाची नाहीतर भोसल्यांची एखादी गोष्ट असतेच. ती गोष्ट घ्या. तिच्यात असं माणूस शोधा की ज्याला कोणी काही विचारलं नाही. रायबाला लग्न पुढे ढकलल्यावर काय वाटलं असेल? गडाच्या पायथ्याशी दोर वळणाऱ्याला काय वाटलं असेल? मग आजूबाजूला बघा. आपल्या मेसच्या मावशी, रात्रीचे वॉचमन काका, नापास झाल्याचं घरी न सांगितलेला रूममेट. उत्तर त्यांच्यापैकी कोणाकडे तरी सापडेल. पण नाव बदलायला विसरू नका, नाहीतर रूममेट जेवू देणार नाही!

माझ्यापुरतं सांगते. आजीला आता कमी ऐकू येतं आणि गोष्टीतले तुकडे ती विसरायला लागली आहे. मागच्या वेळी ती चिठ्ठीची जागा गाळून सरळ रथावर गेली. मी म्हटलं, "आजी, चिठ्ठी राहिली." ती हसली आणि म्हणाली, "तूच सांग आता, तुले लिवता येते ना."

दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन तिच्याजवळ बसणार आहे. तुम्हीही आपापल्या घरी बसून बघा.