विश्लेषण : पेरोनी आजारात सोनोग्राफी काय दाखवते? उपचार कशावर ठरतात?

ताठरतेच्या वेळी शिश्नाला बाक येणे, हाताला कडक गाठ लागणे आणि दुखणे ही पेरोनी आजाराची मुख्य लक्षणे. ही गाठ कर्करोगाची नसते आणि हा आजार संसर्गाने पसरत नाही. तरीही संकोचामुळे अनेक पुरुष महिनोन् महिने गप्प बसतात. काही जण थेट सोनोग्राफी करून घेतात आणि अहवालातील गाठीच्या आकारावरून घाबरतात. प्रत्यक्षात उपचारांचा निर्णय गाठीच्या आकारावर फारसा अवलंबून नसतो. तो कशावर ठरतो, याचा हा आढावा.

आजार नेमका काय?

फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे शल्यचिकित्सक फ्रान्स्वा द ला पेरोनी यांनी १७४३ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. शिश्नात स्पंजसारख्या ऊतींचे दोन लांबट भाग असतात. त्यांत रक्त भरले की ताठरता येते. या भागांभोवती ‘ट्युनिका अल्बुजिनिया’ नावाचे मजबूत, पण ताणले जाणारे आवरण असते. संभोगाच्या वेळी या आवरणाला इजा होऊ शकते आणि अनेकदा ती लक्षातही येत नाही. बहुतेकांची इजा भरून निघते. काहींमध्ये मात्र भरून येण्याची प्रक्रिया बिघडते आणि तिथे कडक व्रणऊती तयार होते. तिलाच ‘प्लाक’ म्हणतात.

सायकलच्या ट्यूबला एका बाजूने जाड ठिगळ लावून हवा भरली, तर ठिगळाची बाजू ताणली जात नाही आणि ट्यूब त्या बाजूला वाकते. इथेही तसेच होते. हा आजार प्रामुख्याने मध्यमवयीन पुरुषांत आढळतो. मधुमेह, प्रोस्टेट कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि तळहातातील ऊती आखडून बोटे वाकणारा ‘डुपुट्रेन’ आजार यांच्याशी त्याचा संबंध दिसून आला आहे. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्यापासून २० टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे.

‘सक्रिय’ आणि ‘स्थिर’ टप्पा म्हणजे काय?

पहिल्या, सक्रिय टप्प्यात वेदना असतात आणि बाक बदलत राहतो. हा टप्पा साधारण ६ ते १८ महिने चालतो. त्यानंतर वेदना कमी होतात आणि बाक एका ठिकाणी थांबतो, तो स्थिर टप्पा. वेदना बहुतेकांत आपोआप जातात. बाकाचे तसे नसते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात उपचार न घेतलेल्या रुग्णांपैकी वर्षभरानंतर १२ टक्के रुग्णांचा बाक कमी झाला होता, ४० टक्के रुग्णांचा तसाच राहिला होता आणि ४८ टक्के रुग्णांचा वाढला होता. म्हणून ‘आपोआप बरे होईल’ असे म्हणत थांबण्यापेक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबणे शहाणपणाचे. बाक स्थिर झाला की नाही, हे सुरुवातीच्या नोंदी असतील तरच सांगता येते. शिवाय बाक बदलत असताना केलेली शस्त्रक्रिया पुढे वाया जाऊ शकते.

सोनोग्राफी काय दाखवते?

शिश्नाचे आवरण त्वचेच्या अगदी जवळ असते. त्यामुळे इथे उच्च वारंवारतेचा प्रोब वापरता येतो. वारंवारता जितकी जास्त, तितके चित्र स्पष्ट. मात्र अशा ध्वनिलहरी शरीरात खोलवर जात नाहीत. या तपासणीत खोली लागत नसल्याने ही मर्यादा आड येत नाही. प्लाक असेल तिथे आवरण जाड झालेले दिसते. त्यात कॅल्शियम साचले असेल, तर तो भाग पांढरा चमकतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते, कारण ध्वनिलहरी त्यातून पुढे जातच नाहीत.

कॅल्शियमची ही माहिती महत्त्वाची असते. खूप कॅल्शियम साचलेल्या कडक प्लाकमध्ये इंजेक्शनच्या औषधाचा परिणाम होण्याची शक्यता कमी असते. मात्र कॅल्शियम दिसले म्हणजे आजार जुनाच आहे, असा अर्थ काढता येत नाही. काहींमध्ये ते लवकरही साचते.

तपासणीआधी इंजेक्शन कशासाठी?

बाक फक्त ताठरतेच्या वेळी दिसतो. त्यामुळे शिथिल अवस्थेतील सोनोग्राफी अर्धीच माहिती देते. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेसारखा उपचार सुरू करण्यापूर्वी दवाखान्यातच औषधाचे इंजेक्शन देऊन ताठरता आणावी आणि तपासणी करावी. या वेळी कोनमापकाने बाकाचा कोन मोजला जातो. शिश्न मध्येच आवळले गेले आहे का, लांबी कमी झाली आहे का, हेही पाहिले जाते. घरी काढलेले फोटो डॉक्टरांना उपयोगी पडतात, पण ते या चाचणीची जागा घेऊ शकत नाहीत. इंजेक्शननंतर ताठरता चार तासांपेक्षा जास्त टिकली, तर ती आणीबाणी समजून तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

याच वेळी डॉप्लर तपासणी करता येते. जवळ येणाऱ्या रेल्वेचा भोंगा चढा आणि दूर जाणाऱ्या रेल्वेचा उतरता ऐकू येतो, त्याच तत्त्वावर डॉप्लर रक्ताचा वेग मोजतो. शिश्नाच्या धमनीतील रक्ताचा सर्वोच्च वेग सेकंदाला २५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर रक्तपुरवठा अपुरा असल्याची शंका येते. ताठरता पूर्ण असतानाही विश्रांतीच्या क्षणी हा वेग ५ सेंटिमीटरच्या वर राहिला, तर रक्त शिरांवाटे निसटत असल्याचा संशय घेतला जातो. मात्र चाचणीच्या ताणामुळेही ताठरता अपुरी राहू शकते, त्यामुळे आकड्यांचा अर्थ डॉक्टरांनीच लावायचा असतो.

सोनोग्राफीच्या मर्यादा कोणत्या?

प्लाकची मापे तपासणाऱ्याच्या हातावर बरीच अवलंबून असतात. त्यामुळेच केवळ प्लाकचा आकार मोजण्यासाठी रोजच्या व्यवहारात सोनोग्राफी करू नये, अशी युरोपियन असोसिएशन ऑफ युरोलॉजीची भूमिका आहे. काही प्लाक सोनोग्राफीत ठळक दिसतही नाहीत. ‘सोनोग्राफी नॉर्मल’ असा अहवाल आला आणि बाक मात्र स्पष्ट असेल, तर आजार नाही असे समजून चालत नाही. एका अहवालात गाठ दोन मिलिमीटरने मोठी दिसली, एवढ्यावरून आजार बळावल्याचा निष्कर्षही काढता येत नाही.

औषधे आणि इंजेक्शनांचा कितपत उपयोग?

सक्रिय टप्प्यातील वेदनेसाठी वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात. ई जीवनसत्त्व, टॅमॉक्सिफेन, ओमेगा-३ यांसारख्या गोळ्यांनी बाक कमी होत असल्याचा भक्कम पुरावा नाही आणि अमेरिकी सूचना त्या देऊ नयेत असेच सांगतात. शॉकवेव्ह उपचाराने वेदना कमी होऊ शकतात. बाकासाठी मात्र त्याची शिफारस नाही. रोज ठरावीक वेळ वापरायच्या ताण देणाऱ्या उपकरणांचा काहींना फायदा होतो, पण त्यासाठी अनेक महिने चिकाटी लागते.

‘कोलॅजिनेज’ हे इंजेक्शन प्लाकमधील कोलॅजन विरघळवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१३ मध्ये त्याला या आजारासाठी मंजुरी दिली. हाताला लागणारा प्लाक आणि किमान ३० अंशांचा बाक असलेल्या रुग्णांसाठी ते आहे. मंजुरीपूर्वीच्या दोन मोठ्या चाचण्यांमध्ये बाक सरासरी ३४ टक्क्यांनी कमी झाला. औषध नसलेले इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये ही घट १८ टक्के होती. म्हणजे ६० अंशांचा बाक साधारण ४० अंशांवर येतो. संभोग शक्य होण्यासाठी अनेकांना तेवढे पुरते, पण शिश्न पूर्ण सरळ होईलच अशी अपेक्षा ठेवू नये. वेदना, सूज, काळेनिळे पडणे हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम. क्वचित आवरण फाटून शस्त्रक्रियेची वेळ येते.

शस्त्रक्रिया केव्हा आणि कोणती?

आजार स्थिर झाल्यावर आणि बाकामुळे संभोग अशक्य किंवा त्रासदायक होत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. इथे डॉप्लरची माहिती कामी येते. ताठरता चांगली आणि बाक मध्यम असेल, तर प्लाकच्या विरुद्ध बाजूला टाके घेऊन दोन्ही बाजू समान केल्या जातात. त्यात लांबी काही प्रमाणात कमी होते. बाक ६० अंशांपेक्षा जास्त असेल किंवा शिश्न मध्येच आवळले गेले असेल, तर प्लाकवर छेद देऊन तिथे ऊतीचा तुकडा जोडतात. यात लांबी वाचते, पण नंतर ताठरता कमी होण्याचा धोका वाढतो. म्हणून रक्तपुरवठा आधीच कमकुवत असेल, तर ही शस्त्रक्रिया सहसा टाळली जाते. गोळ्यांनीही ताठरता येत नसेल, तर कृत्रिम इम्प्लांट बसवून बाक आणि ताठरता हे दोन्ही प्रश्न एकाच शस्त्रक्रियेत सोडवता येतात.

डॉक्टरांकडे कधी जावे?

नवा बाक, गाठ किंवा वेदना जाणवताच युरोलॉजिस्टला भेटावे. सुरुवात केव्हा झाली, बाक अजून बदलतो आहे का, मधुमेह आहे का, कोणती औषधे सुरू आहेत, हे सांगावे. तरुणपणीच्या हस्तमैथुनाची ही ‘शिक्षा’ असल्याच्या समजात तथ्य नाही. तेल, चूर्ण आणि हमखास इलाजाच्या जाहिरातींपासून दूर राहावे. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४’ नुसार बंदी आहे. या आजारात नैराश्य आणि नात्यातील दुरावा ही दुखणी सर्रास आढळतात. त्यामुळे शक्य असेल तर पहिल्याच भेटीला जोडीदाराला सोबत नेणे चांगले. किती बाक चालेल आणि कोणता धोका पत्करायचा, हा निर्णय शेवटी दोघांचा असतो.