जागरणाची चुगली चेहरा करतो!

बोरगावच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून सौसरला परतणाऱ्याला "बरं नाही का रे?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याची नजर चुकत नाही. २०१० साली स्टॉकहोमच्या संशोधकांनी २३ जणांचे फोटो दोनदा काढले, एकदा छान झोप झाल्यावर आणि एकदा ३१ तास जागवून. मग ६५ अनोळखी लोकांना ते दाखवले. जागरणाचे चेहरे त्यांना जास्त थकलेले, जास्त आजारी आणि कमी देखणे वाटले. २०१३च्या पुढच्या अभ्यासात तपशीलही हाती आले: जड पापण्या, लाल डोळे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, फिकट त्वचा आणि खाली झुकलेले ओठांचे कोपरे.

रात्रीचाच विषय निघालाय तर आणखी एक प्रश्न: खाज रात्रीच का वाढते? संध्याकाळनंतर त्वचेतून पाणी जास्त उडतं. त्वचेच्या पेशींना स्वतःचं घड्याळ असतं आणि नव्या पेशी तयार होण्याचं कामही रात्री जोरात चालतं. म्हणून पाळी बदलत राहणाऱ्यांनी दिवसा का होईना, खोलीत अंधार करून पुरेशी झोप घ्यावी.

गोटमार आणि परीक्षा यांचा काय संबंध? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीवर गोटमारीत एकमेकांवर गोटे चालतात आणि दरवर्षी कित्येकांची डोकी फुटतात. त्यातली कुणाची जखम लवकर भरते, कुणाची रेंगाळते. याची कारणं अनेक, पण मनावरचा ताण हे त्यातलं एक पक्कं कारण. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर छोटीशी जखम करून पाहिली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. हा अभ्यास १९९८चा. त्याआधी १९९५ साली आजारी नातेवाइकाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या बायकांमध्येही हेच दिसलं होतं: त्यांची जखम इतरांपेक्षा सुमारे ९ दिवस उशिरा भरली. घरातल्या म्हाताऱ्यांचं सगळं करणाऱ्या सुनेचा थकवा तिच्या कातडीपर्यंत पोचतो, हे घरच्यांनी लक्षात घ्यायलाच हवं.

यामागे कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक आहे. ताण आला की ते वाढतं आणि त्वचेचा घट्टपणा टिकवणारं कोलॅजन कमी बनतं. गंमत म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारी स्टेरॉइडची मलमं याच कुळातली. वांग घालवायला शेजारणीच्या सांगण्यावरून अशी ट्यूब महिनोन्महिने चोळली, तर चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल होते आणि मलम थांबवताच भडकते. वांग घेऊन डॉक्टरकडेच जा.

आता उन्हाकडे वळू, कारण चेहरा म्हातारा करण्यात त्याचा वाटा सगळ्यात मोठा. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला. २८ वर्षं गाडी चालवलेल्या त्या माणसाचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेला होता, कारण त्याच्या गाडीत चालकाची खिडकी डावीकडे होती. नागपूर-बैतूल महामार्गावरून पांढुर्णा ओलांडणाऱ्या आपल्या चालकांचा उजवा गाल आणि उजवा कोपर उन्हात असतो. काच वर केली तरी पूर्ण सुटका नाही: बाजूच्या साध्या काचेतून सुरकुत्या आणणारे किरण बरेचसे आत येतात.

संत्र्याच्या बागेत राबलेल्या माणसाची मान मागून पाहा. जाड झालेली कातडी आणि तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या खोल रेघांचे चौकोन. जर्मन डॉक्टर उन्ना यांनी १८९४ साली खलाशांच्या त्वचेवर उन्हाचे असे परिणाम नोंदवले. पुढे फ्रान्समध्ये द्राक्षमळ्यांतल्या मजुरांवरही उन्हाच्या खुणा दिसल्या. डोक्यावरचा दुपट्टा मानेवर सोडला, तर हे बरंच टळतं.

कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं वेगळीच गोष्ट सांगतात. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचतात, बारीक चिरा पडतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच चिरांवर पुन्हा बोंड लागतं. भरून यायला मधे सवडच मिळत नाही. रात्री हात धुऊन ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलं तर चिरांना आराम पडतो. लिंबू मात्र चोळू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात. संत्रं खावं: कोलॅजन बनायला क जीवनसत्त्व लागतंच.

आणि पिकलेले केस? २०२१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात केसांच्या रंगाचा माणसाच्या ताणाच्या काळाशी ताळा घातला गेला. एक जण सुट्टीवर गेला आणि त्याचे पाच पांढरे केस त्या सुट्टीत मुळाकडून पुन्हा गडद उगवले. सगळं डोकं असं काळं होत नाही. नुकताच रंग सोडू लागलेल्या केसांनाच ही संधी असते.