थोडक्या खर्चात समुद्रदर्शन

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत. येथील मुलांच्या नित्य परिचयाचे पाणी म्हणजे उल्हास व पाताळगंगा या नद्यांचे. पाताळगंगेचे पाणी धरमतरच्या खाडीला मिळून पुढे समुद्रात जाते. परंतु त्या पाण्याच्या काठी वाढलेल्या कित्येक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण अलिबाग हे समुद्रकाठीच आहे. तेथे दूरदूरचे प्रवासी हौसेने येतात. मग जवळच्या मुलांनाच समुद्र दूर का वाटावा? याचे कारण बहुधा अंतर हे नसून खर्च हे असते. मोलमजुरी करून पोट भरणाऱ्या कुटुंबाला सहलीचा खर्च जपूनच करावा लागतो. तथापि नीट विचार केला, तर ही सहल एका दिवसात व थोडक्या पैशांत होऊ शकते.

प्रथम प्रवासाचा विचार करू. कर्जतहून आगगाडीने खोपोली, तेथून एस. टी. ने पेण आणि पेणहून वडखळ, पोयनाडवरून अलिबाग, असा हा मार्ग आहे. एस. टी. मध्ये पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पडते. २०२२ साली पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना एस. टी. चा प्रवास विनामूल्य झाला आणि २०२३ सालापासून स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत मिळाली. समजा, एका घरात आई, वडील, अडुसष्ट वर्षांची आजी, तेरा वर्षांची मुलगी व दहा वर्षांचा मुलगा अशी पाच माणसे आहेत. वडिलांचे तिकीट पूर्ण, बाकीच्या चौघांचे अर्धे. म्हणजे पाच माणसांचा प्रवास तीन तिकिटांत होतो. वयाचा दाखला व ओळखपत्र मात्र जवळ बाळगावे लागते.

दुसरा खर्च खाण्यापिण्याचा. तांदळाची भाकरी, चटणी, कांदा अशी शिदोरी घरूनच बांधून नेली आणि पिण्याचे पाणी बरोबर घेतले, की हा खर्च जवळजवळ उरत नाही.

तिसरा खर्च मात्र असा आहे, की तो वाचवण्यासाठी पैशांपेक्षा ज्ञान अधिक उपयोगी पडते. अलिबागच्या किनाऱ्यासमोर भर समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. १६८० साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याचे बांधकाम हाती घेतले आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ते पुरे झाले. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते एक प्रमुख ठाणे होते. चारी बाजूंना खारे पाणी असूनही किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याची विहीर आहे, हे पाहून मुलांना मोठे नवल वाटते. पंधरा वर्षांखालील मुलांना तेथे प्रवेशशुल्कही पडत नाही. भरतीच्या वेळी या किल्ल्यात जायचे, तर होडीचे भाडे मोजावे लागते. पूर्ण ओहोटीच्या वेळी मात्र पाणी मागे हटते आणि चालत जाता येते. तेव्हा कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी जावे, हा खरा प्रश्न होय.

समुद्राला दिवसातून साधारणपणे दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. मुख्यतः चंद्राच्या आणि काही अंशी सूर्याच्या आकर्षणामुळे हे घडते. चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. यावरून कोकणात एक सोपा हिशेब रूढ झाला आहे. तिथीच्या आकड्याला तीनने गुणावे आणि आलेल्या संख्येला चाराने भागावे. जे उत्तर येईल, ती पूर्ण भरतीची वेळ. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, हिशेब एकच.

आता हा हिशेब करून पाहा. चतुर्थीला भरती तीन वाजता येते. म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. कर्जतहून पहाटे निघाले, तरी ती वेळ साधणे कठीण. पौर्णिमेला व अमावास्येला ओहोटी सकाळी आणि सायंकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास होते. तेव्हा किल्ला पाहायचा, तर मुक्काम करावा लागतो आणि मुक्कामाचा खर्च वाढतो. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते. ही वेळ सोयीची खरी. पण अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते. तेव्हा पाणी फार चढत नाही व फारसे उतरतही नाही. त्यामुळे वाटेत पाणी राहण्याचा संभव असतो. द्वादशीला मात्र भरती सकाळी नऊला आणि ओहोटी दुपारी सव्वातीनच्या सुमारास होते. उधाणाचे दिवस जवळ आलेले असल्यामुळे पाणीही पुष्कळ मागे सरते. सकाळी घरून निघून, किनाऱ्यावर शिदोरी खाऊन, किल्ला पाहून रात्री घरी परतणाऱ्या कुटुंबाला असा दिवस सोयीचा. हा हिशेब स्थूल असून प्रत्यक्षात तासभराचा फरक पडू शकतो. म्हणून छापील कोष्टकात वेळ पाहावी आणि किनाऱ्यावरील कोळी बांधवांना विचारून खात्री करून घ्यावी.

भरती-ओहोटीचे ज्ञान केवळ पैसे वाचवते असे नाही, ते प्राणही वाचवते. ओहोटी संपली, की पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या व चौथ्या तासांत प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. आरंभी पाणी संथ दिसते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. तोच पुढे त्याची गती वाढते आणि परतीची वाट बुडून जाते. यासाठी पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी किल्ल्याकडे निघावे आणि ओहोटीच्या वेळेनंतर अर्ध्या तासाच्या आत परत फिरावे. किल्ला पाहून पुरा झाला नाही, तरी तेथे रेंगाळू नये. वेळ चुकलीच, तर पाण्यात पाऊल न घालता किल्ल्यातच थांबावे व होडीने यावे. अशा वेळी होडीच्या भाड्याकडे पाहू नये. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. तेव्हा या वाटेने जाऊच नये.

काटकसर म्हणजे मन मारणे नव्हे. कोठे खर्च टाळावा आणि कोठे टाळू नये, हे ओळखणे म्हणजे काटकसर. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथी पाहण्यास पैसा लागत नाही. ती पाहून जो निघतो, त्याला समुद्र स्वतःच वाट करून देतो.