रोमन सेना टेबलावर: समोरून नाही, बगलेतून

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. विषय आहे मिनिएचर वॉरगेमिंग, म्हणजे छोट्या पुतळ्यांनी खेळायची जुनी युद्धं. त्यातही रोमन सेना कशी जमवायची आणि कशी लढवायची, ते बघू.

दिवाळीत किल्ल्यावर मावळे मांडलेत ना? तसंच काहीसं समजा. फक्त इथं सैनिक हलतात, फासा पडतो आणि शेवटी कोणीतरी हरतं.

नव्या खेळाडूंचा एक प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. "रोमन म्हणजे एवढी भारी सेना, मग मॅसिडोनियाच्या भाल्यांसमोर माझी रांग मागे का सरकते?" तर मंडळी, ती सरकतेच. खऱ्या युद्धातही सरकली होती. तरी रोमन जिंकले. ते कसं, हे कळलं की सेना वापरता येते.

सेनेत कोण कोण?

मी सुरुवातीला डीबीए, म्हणजे 'डी बेलिस अँटिक्विटॅटिस' हे नियम सुचवतो. फिल बार्कर यांचे हे नियम 1990 साली आले. यात अख्खी सेना फक्त 12 बेसची. बेस म्हणजे पुतळे चिकटवलेली छोटी पट्टी. कार्थेजशी आणि मॅसिडोनियाशी लढलेल्या रोमन सेनेची यादी साधारण अशी:

- 6 बेस हस्ताती आणि प्रिन्सिपेस: तलवार आणि फेकायचा जड भाला. सेनेचा कणा हाच.
- 2 बेस त्रिआरी: वयानं मोठे, अनुभवी भालेवाले.
- 2 बेस वेलितेस: हलके, चपळ, भालाफेके पोरगे.
- 2 बेस घोडदळ, त्यातल्या एकावर सेनापती.

एकूण पुतळे 42. एवढेच. 15 मिलिमीटर मापाचे पुतळे घेतलेत तर प्रत्येक बेस 40 मिलिमीटर रुंद, आणि खेळायला 2 फूट बाय 2 फूट जागा पुरते. अभ्यासाच्या टेबलावर मावतं सगळं.

खिशाचं काय? माझा सल्ला सरळ आहे: आधी पुठ्ठा कापा. 40 मिलिमीटरच्या 12 पट्ट्या करा, त्यावर नावं लिहा आणि पाच-सहा डाव खेळा. मजा आली तरच पुतळ्यांवर पैसे घाला.

रंगवताना एक लक्षात ठेवा. सिनेमातल्या रोमन सैनिकाची चौकोनी ढाल आणि पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत नंतरच्या, सम्राटांच्या काळातलं. आपल्या सैनिकांची ढाल लांबट, अंडाकृती. गरीब सैनिकाच्या छातीवर धातूची एक छोटी पाटी, पैसेवाल्याच्या अंगात कड्यांचं चिलखत. शिरस्त्राणावर तीन उभी पिसं, जांभळी किंवा काळी. हे सगळं पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानं लिहून ठेवलंय.

आता गणित

डीबीएमध्ये दोघं एकेक फासा टाकतात आणि त्यात आपापला आकडा मिळवतात. पायदळाशी लढताना रोमन तलवारवाल्यांचा आकडा 5. मॅसिडोनियाच्या सैनिकाकडे सारिसा, म्हणजे खूप लांब भाला. त्याचा स्वतःचा आकडा 3, पण मागे दुसरा सारिसावाला बेस उभा असेल तर आणखी 3. म्हणजे 6.

फाशांच्या 36 जोड्या होतात. समोरासमोर भिडलात तर 21 जोड्यांत सारिसा जिंकते, 10 मध्ये रोमन, आणि 5 मध्ये बरोबरी. तुमचा बेस बहुतेक वेळा मागे सरकेल. समोरच्याची बेरीज तुमच्या दुप्पट झाली, तर बेस थेट बाद.

मग उपाय? नीट बघा, सारिसावाले दोन रांगांत उभे असतात. त्यांचे 6 बेस म्हणजे रुंदी फक्त 3 बेसची. तुमचे 6 बेस एका रांगेत 6 रुंद! म्हणजे तुमची टोकं त्यांच्या बाहेर जातात. प्रत्येक मोकळ्या बगलेमागे त्यांचा आकडा 1 नं कमी. एक बगल सापडली की 5 विरुद्ध 5. एखादा गट दोन्ही बगलांना सापडला तर त्याचे 4, तुमचे 5. सगळं पारडं फिरलं. आणि जमीन खडबडीत असेल, तर मागच्या बेसचा आधार त्यांना मिळतच नाही.

इसवी सनपूर्व 168 मध्ये पिडना इथं अगदी हेच झालं. सारिसांची भिंत पुढे आली, रोमन मागे सरकले. सेनापती एमिलियस पॉलस नंतरही सांगायचा की त्या भिंतीइतकं भयानक दृश्य त्यानं पाहिलं नव्हतं. पण जमीन उंचसखल होती, भिंतीत फटी पडल्या आणि रोमन तुकड्या त्या फटींतून आत घुसल्या. जवळ आलेल्या तलवारीसमोर लांब भाल्याचा काय उपयोग?

मी खेळतो कसा?

एक, तलवारवाल्यांची रांग फोडायची नाही. दर पाळीला एक फासा सांगतो की किती हालचाली मिळणार. अख्खी रांग एकत्र सरकली तर एकच हालचाल खर्च होते. विस्कटली तर प्रत्येक तुकड्याला वेगळी.

दोन, वेलितेस टेकडीवर किंवा झाडीत. त्यांनी जिंकायचं नाही, फक्त समोरच्याला अडकवून ठेवायचं.

तीन, त्रिआरी मागे. "गोष्ट त्रिआरींवर आली" ही रोमन लोकांची म्हणच होती. म्हणजे प्रकरण अगदी गळ्याशी आलं. त्यांना पहिल्याच पाळीत पुढे ढकललंत, तर भोक बुजवायला कोण उरणार?

चार, मधली रांग दोन पावलं मागे गेली तरी घाबरू नका. मागे सरकणं म्हणजे हरणं नाही. चार बेस गेले आणि ते समोरच्यापेक्षा जास्त असले, तरच डाव जातो. मधल्यांनी तग धरायचा, टोकांनी काम करायचं.

मला रोमन सेना आवडते ती याचसाठी. ती मार खात उभी राहते आणि तेवढ्यात तिची दुसरी माणसं बगलेत पोचलेली असतात.

पुढच्या भागात कार्थेजचे हत्ती. तोवर पुठ्ठा कापा, एक डाव खेळा आणि तुमची रांग कुठं फुटली ते मला नक्की कळवा. भेटू!