'बिगिनर' व्हेप पेन घ्यावा का? त्याची स्पेसिफिकेशन नीट वाचूया

आपल्याकडे बहुतेक प्रश्न फोन, इअरबड्स आणि पॉवर बँकचे येतात. या वेळी शीव कोळीवाड्यातल्या एका कॉलेजच्या वाचकाने स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, सुरुवात करायला हा पेन पॉड कसा आहे? ग्रुपमधले सगळे घेतायत." स्क्रीनशॉट एका टेलिग्राम चॅनलचा होता. पेनसारखं सडपातळ डिव्हाइस, ६५० एमएएच बॅटरी, १.२ ओहमची कॉइल, २ मिलीचा पॉड, ५० मिलिग्रॅम 'सॉल्ट निकोटीन', टाइप-सी चार्जिंग, फ्लेवर मँगो आईस. वर मोठ्या अक्षरात 'बिगिनर फ्रेंडली', आणि शेवटी, जीटीबी नगर स्टेशनबाहेर हातात मिळेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. भारतात ही वस्तू विकायला २०१९ पासून बंदी आहे, त्याबद्दल पुढे येईलच. पण 'बंदी आहे, घेऊ नका' एवढं सांगून हा प्रश्न सुटत नाही, कारण ग्रुपमधले घेतायतच. म्हणून आपण नवीन फोनची स्पेसिफिकेशन जशी एकेक ओळ करून बघतो, तशीच ही बघूया.

आत असतं काय?

यंत्र म्हणून पाहिलं तर व्हेप पेन अगदी साधा आहे. एका टोकाला लिथियम-आयन बॅटरी, मध्ये एक छोटी चिप आणि हवेचा दाब ओळखणारा सेन्सर, दुसऱ्या टोकाला पॉड. पॉडमध्ये द्रव असतो. त्यात बुडालेला कापूस आणि कापसाला लागून तापणारी तार, म्हणजे कॉइल. तुम्ही तोंडाने ओढलं की आतला दाब कमी होतो, सेन्सरला ते कळतं, चिप बॅटरीचा करंट कॉइलला देते, कॉइल तापते आणि द्रवाचे बारीक थेंब हवेत उडतात. लोक त्याला 'वाफ' म्हणतात, पण ती चहाच्या किटलीतली वाफ नाही. तो एरोसोल आहे, म्हणजे थेंबांचा फवारा. डिओ मारल्यावर हवेत जे तरंगतं त्या जातीचं. हे थेंब द्रवाचेच असतात, आणि ते जाऊन बसतात तुमच्या फुप्फुसात.

कॉइलचा ओहम म्हणजे विरोध. अकरावीचं फिजिक्स आठवा. व्होल्टेजचा वर्ग भागिले विरोध म्हणजे वॅट. बॅटरी ३.७ व्होल्टची धरली तर १.२ ओहमच्या कॉइलला साधारण ११ वॅट मिळतात, ०.८ ओहमच्या कॉइलला १७. वॅट जास्त तर उष्णता जास्त आणि धूरही जास्त. बिगिनरला जास्त ओहमची कॉइल देतात, कारण धूर कमी निघतो, सिगारेटसारखं तोंडात ओढता येतं आणि ठसका लागत नाही. तसं ऐकायला चांगलं वाटतं. पण धूर कमी असेल तर तेवढ्याच धुरात निकोटीन पोहोचवायला द्रव जास्त कडक लागतो. तिथे '५० मिलिग्रॅम' ही ओळ येते.

या यादीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ

बॅटरी, चार्जिंग, फ्लेवर सगळं बाजूला ठेवा. ही एक ओळ समजली की पुरे.

५० मिलिग्रॅम म्हणजे दर मिलीलीटर द्रवात ५० मिलिग्रॅम निकोटीन. पॉड २ मिलीचा, म्हणजे एका पॉडमध्ये १०० मिलिग्रॅम. एक सिगारेट ओढल्यावर शरीरात साधारण १ ते २ मिलिग्रॅम निकोटीन जातं. पॉडमधलं सगळं निकोटीन रक्तात जात नाही हे खरं, म्हणून सरळ भागाकार करून चालणार नाही. पण तुलनेसाठी एक माप आहे. अमेरिकेत गाजलेल्या जूल या कंपनीचा ५ टक्केवाला पॉड फक्त ०.७ मिलीचा होता, त्यात ४० मिलिग्रॅमच्या आसपास निकोटीन असायचं आणि कंपनी स्वतःच तो साधारण २० सिगारेटच्या एका पाकिटाएवढा असल्याचं सांगायची. त्या मापाने आपल्या स्क्रीनशॉटमधला एक पॉड दोन पाकिटांच्याही वर जातो. युरोपियन युनियन आणि ब्रिटनमध्ये कायद्याने मर्यादा आहे दर मिलीला २० मिलिग्रॅम. म्हणजे तिथल्या दुकानात मुरलेल्या स्मोकरलाही जे मिळणार नाही, त्याच्या अडीचपट कडक माल इथे 'बिगिनर'ला विकतायत.

मग एवढं कडक ओढून ठसका कसा लागत नाही? याचं उत्तर 'सॉल्ट' या शब्दात आहे. साधं निकोटीन अल्कधर्मी असतं, ते घशाला झोंबतं. पहिली सिगारेट किंवा बिडी ओढणारा खोकतो तो त्यामुळे आणि धुरामुळे. निकोटीनमध्ये बेंझोइक ॲसिडसारखं सौम्य आम्ल मिसळलं की त्याचं सॉल्ट बनतं, पीएच खाली येतो आणि घशाला ते गुळगुळीत लागतं. निकोटीन कमी झालेलं नसतं, फक्त त्याची चाहूल लागत नाही. जूल २०१५ मध्ये बाजारात आली आणि हीच युक्ती वापरून अमेरिकेतल्या हायस्कूलांमध्ये पसरली.

वर 'आईस' आहेच. त्यासाठी पुदिना लागतो असं नाही. घशाला थंडावा देणारी कृत्रिम रसायनं मिळतात, ज्यांना स्वतःचा वास जवळजवळ नसतो. म्हणजे आंब्याचा वास तसाच राहतो आणि उरलासुरला झोंबरेपणाही जातो.

आता 'बिगिनर फ्रेंडली' हा शब्द परत वाचा. आपण फोनला बिगिनर फ्रेंडली म्हणतो तेव्हा चुका झाल्या तरी फोन सांभाळून घेतो असा अर्थ असतो. इथे उलट आहे. नवख्या माणसाचं शरीर ज्या खोकल्याने "थांब" म्हणतं, तो खोकलाच काढून टाकलाय. दिवसभरात किती ओढलं याचाही हिशेब राहत नाही. सिगारेट निदान संपते, विझते, थोटूक उरतं. पेन खिशातच असतो. लेक्चरच्या मधे, बाथरूममध्ये, झोपायच्या आधी. माझ्या मते या यादीत नवख्यासाठी सगळ्यात घातक काही असेल तर ते हेच आहे, बॅटरी फुटण्याची भीती त्यामानाने दुसऱ्या नंबरला.

"पण यातलं सगळं फूड ग्रेड असतं ना?"

हा प्रश्न हमखास येतो. द्रवात मुख्य दोन गोष्टी असतात, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. दोन्ही खाण्याच्या पदार्थांत वापरतात. फ्लेवरही बरेचसे खाण्यात चालणारे असतात. पण खाण्यात चालतं ते श्वासात चालतंच असं नाही. लाल मिरचीची फोडणी आमटीत छान लागते, तीच फोडणी नाकात गेली की सगळं घर खोकतं. पोटाकडे आम्ल आहे, यकृत आहे, ओकून टाकायची सोय आहे. फुप्फुसाकडे यातलं काही नाही. पॉपकॉर्नला लोण्याचा वास देणारं डायअसिटिल हे याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. खायला त्याचं काही वाटत नव्हतं, पण अमेरिकेत मिसुरीतल्या पॉपकॉर्न कारखान्यात त्याची वाफ रोज श्वासात घेणाऱ्या कामगारांची फुप्फुसं कायमची बिघडली.

ग्लिसरीनचं तर कोळीवाड्याच्या माणसाला समजावून सांगायलाच नको. ज्या शीव कोळीवाड्याच्या नावाने देशभरच्या मेन्यूकार्डावर 'प्रॉन्स कोळीवाडा' मिळतो असं म्हणतात, तिथे तळणीची कढई काय असते हे सगळ्यांना माहीत आहे. तेल जास्त तापून करपलं की डोळ्यांत आणि घशात जाणारा जो जहाल धूर येतो, त्यात ॲक्रोलिन नावाचा वायू असतो. तो तेलातल्या ग्लिसरीनच्या भागापासून बनतो. पॉडमधला द्रव संपत आला, कापूस कोरडा पडला आणि तरी कॉइल तापत राहिली की आतल्या ग्लिसरीनपासून तोच ॲक्रोलिन बनतो, सोबत फॉर्मल्डिहाइडही. करपल्यासारखी चव आली तर ती फ्लेवर संपल्याची खूण नसते. शिवाय कॉइल धातूची आहे. तापून तापून तिच्यातले निकेल, क्रोमियमसारखे धातू फवाऱ्यात उतरतात, हे तपासणीत दिसलंय.

सिगारेटच्या तुलनेत काय? तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नसतं, हे मान्य करायला हवं. म्हणूनच ब्रिटनमध्ये मोठ्या वयाच्या स्मोकर्सना सिगारेट सोडवायला व्हेप सुचवतात. पण तिथे प्रत्येक प्रॉडक्टची सरकारकडे नोंद लागते, निकोटीनला मर्यादा आहे, १८ वर्षांखालच्यांना विक्री नाही. आणि तरीही मुलांच्या हातात जातायत म्हणून १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर तिथेसुद्धा बंदी आली. तिथला सल्ला वीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्याला आहे. ज्याने अजून काहीच ओढलेलं नाही त्याने सिगारेटशी तुलना करण्यात अर्थ नाही. त्याची तुलना साध्या हवेशी करायची.

डब्यावर लिहिलंय ते खरं कशावरून?

आता आपल्या नेहमीच्या विषयाकडे येऊ. पॉवर बँक घेताना आपण काय बघतो? बीआयएसचा रजिस्ट्रेशन नंबर, आणि तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून खरा आहे का ते. व्हेपला असं काही नाही, कारण मुळात ती कायदेशीर वस्तूच नाही. मग ६५० एमएएच ही बॅटरी खरंच तेवढी आहे का, चिपमध्ये ओव्हरचार्ज प्रोटेक्शन आहे का, ५० म्हणजे ५०च का, हे तपासणारं कोणीच नाही. डब्यावरचा 'व्हेरिफाय करा' क्यूआर कोड ज्याने डबा छापला त्यानेच छापलेला असतो. 'दहा हजार पफ' हा आकडाही तसाच. एक पफ किती सेकंदांचा ते कंपनीने ठरवायचं, म्हणजे बाईकच्या मायलेजसारखं, कागदावर.

द्रवात काय मिसळलंय हे माहीत नसलं तर काय होतं ते २०१९ मध्ये अमेरिकेत दिसलं. व्हेप ओढणाऱ्या तरुणांची फुप्फुसं अचानक निकामी व्हायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण हॉस्पिटलमध्ये गेले किंवा दगावले, त्यात ६८ मृत्यू होते. मुख्य संशय व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर गेला. गांजाचा अर्क असलेल्या, बहुतेक चोरट्या बाजारातल्या पॉडमध्ये ते घट्टपणासाठी मिसळलं होतं. ते साधे निकोटीन पॉड नव्हते, हे लक्षात ठेवा. पण आपल्याकडचा सगळाच बाजार चोरटा आहे, हेही लक्षात ठेवा.

कायदा नेमका काय म्हणतो

१८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने वटहुकमाची घोषणा केली आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्यांदा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठा ठेवायला जागा दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"झिरो निकोटीन आहे, तो चालतो" असं विक्रेते सांगतात. चालत नाही. कायद्याच्या व्याख्येत निकोटीन असो वा नसो, तापवून एरोसोल ओढायचं साधन म्हटलं की ते आलंच. ई-हुक्कासुद्धा.

स्वतः ओढण्याला कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, आणि इथेच मुलं फसतात. ग्रुपमधल्या एकाने पाच पीस मागवले, चौघांकडून जीपेवर पैसे घेतले आणि त्यांना दिले, तर तो आता नुसता गिऱ्हाईक राहिला नाही. विक्री आणि वाटप दोन्ही त्याच्या नावावर बसू शकतं, आणि पुरावा म्हणून यूपीआयची हिस्ट्री फोनमध्येच आहे. व्हेपची तारीफ करणारं रील बनवून टाकणंही जाहिरातीच्या कलमात येऊ शकतं. आणि पैसे आधी घेऊन चॅनलने ब्लॉक केलं तर? तक्रार करायला जाणार कुठे, आणि सांगणार काय मागवलं होतं म्हणून?

ज्याच्याकडे आधीच आहे त्याने

उठल्या उठल्या हात पेनकडे जात असेल, लेक्चरमध्ये चिडचिड होत असेल, तर ते निकोटीनचं काम आहे, तुमचा स्वभाव बदललेला नाही. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात, मग दोन ते चार आठवड्यांत तलफ बरीच उतरते. सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. ती सरकारची फुकट क्विटलाइन आहे. तिचं एक केंद्र परळच्या टाटा मेमोरियलकडे आहे, त्यामुळे मराठीत बोलायची अडचण येऊ नये. निकोटीनचं च्युइंगगम मेडिकलमध्ये मिळतं, पण वय १८च्या आत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि पेन टाकायचा ठरवलात तर घरच्या डब्यात टाकू नका. आत लिथियम बॅटरी आहे, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेते. जुन्या फोनची बॅटरी जिथे ई-कचऱ्यात देता तिथेच द्या, आणि पॉड आधी काढून वेगळा बांधा. त्यातला द्रव लहान मुलाच्या तोंडात गेला तर विषबाधा होऊ शकते.